सात नंबरचा देश

"जगन, तुझ्या पोरीनं कुठला शर्ट घातलाय रे?"

हैबतरावांनी आवाज खाली ठेवला होता, पण कपाळाची शीर फुगली होती. मोठा पडदा अजून सुरू व्हायचा होता, पण टेबलावरच्या लॅपटॉपवर दुबईचं मैदान दिसत होतं. दोन संघ अंग मोकळं करत होते, एक निळा, एक पांढरा. नम्रता पांढऱ्यात होती.

"इंग्लंडचा," जगन घरत म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे ती इंग्लंडकडनं खेळतेय."

हैबतराव मटकन खुर्चीत बसले. वरसे गावच्या समाजमंदिरात सतरंजीवर दीडशे-दोनशे माणसं जमली होती, पोराटोरांच्या हातात तिरंगे होते. दारावर दहा फुटी फ्लेक्स: 'भारतीय महिला कबड्डी संघात निवड झाल्याबद्दल कु. नम्रता जगन घरत हिचे हार्दिक अभिनंदन'. खाली कबड्डी मंडळाचे अध्यक्ष म्हणून हैबतरावांचा हात जोडलेला फोटो, नम्रताच्या फोटोपेक्षा अंमळ मोठाच. सामना सुरू व्हायला वीस मिनिटं होती.

आता चूक कुणाची म्हणावी? जगन आठवड्यापूर्वी मंडळात सांगून आला होता, की पोरीची इंटरनॅशनल संघात निवड झाली. रायगडात कबड्डी म्हणजे घरचा खेळ. इथल्या गावागावांतली पोरं-पोरी देशाकडून खेळायची स्वप्नं बघतात. तो खेळ परदेशातले लोकही आपापल्या देशासाठी खेळतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हैबतरावांनी संध्याकाळच्या आत फ्लेक्स छापून आणला. जगननं तो वाचला आणि गप्प बसला. मग सहा दिवस लोक रस्त्यात थांबवून हात हातात घेत होते, कंपनीत साहेबानं पेढे मागवले. खरं उद्या सांगू, असं तो रोज ठरवत होता.

नम्रता आठ वर्षांपूर्वी नर्स म्हणून लेस्टरला गेली आणि गेल्या वर्षी तिकडची नागरिक झाली. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, म्हणून भारताचा पासपोर्ट तिला जमा करावा लागला. त्या दिवशी ती फोनवर खूप रडली होती. हे बाहेर बोलायचं नाही, असं जगननं बायकोला बजावून ठेवलं होतं.

तसा हा माणूस साधा. रोह्याच्या एका कंपनीत टाइमकीपर, कामासाठी वरसेला भाड्यानं राहिलेला, मूळ गाव पेणकडचं, खाडीकाठचं खारदेवळी. पण पेणपासून रोह्यापर्यंत कबड्डीचा माईक तीस वर्षं त्याच्याच हातात, आणि आज पडद्यावरचा सामनाही तोच सांगणार होता. सामन्याआधी प्रत्येक गड्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव तो सांगणार, आणि जगननं सांगितलेलं गाव म्हणजे पक्का शिक्का. इकडच्या स्पर्धांत काही संघ बाहेरचे गडी खोट्या नावानं उतरवतात. बारा वर्षांपूर्वी जगननं असा एक जण भर मैदानात उघडा पाडला होता. "पाच नंबर, गाव वरसे नाही, गाव खोपोली," एवढंच तो माईकवर बोलला आणि संघ बाद झाला. तो संघ होता हैबतरावांचा.

हैबतराव ते विसरले नव्हते.

"माझा गडी खोपोलीचा निघाला तर बोंब मारलीस. आनि तुझी पोरगी गोऱ्या सायबाकडनं खेळते?"

"ती लपून नाय खेळत. कागद करून खेळते."

"मग हप्ताभर लपून कोन बसला व्हता?"

हा काही शालजोडीतला नव्हता, सरळ पायताणाचा होता, आणि तो वर्मी बसला.

"ऐक," हैबतराव त्याच्या कानाशी आले. "मोठ्या पडद्यावर तोंडं धड दिसत नायत. माईकवर सांग, नम्रताचा पाय मुरगळलाय, आज ती खेळत नाय. आनि ती चढाईला आली की नुसतं सात नंबर म्हन. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आनि नाय म्हनालो तर?"

"तर परत माईकला हात लावायचा नाय. या तालुक्यात कोन तुला बोलावतो ते मी बघतो."

जगन पाणी प्यायच्या निमित्तानं पहिल्या रांगेत गेला. तिथं त्याची बायको चंद्रावती नवी साडी नेसून ताठ बसली होती.

"काय करू गो?" त्यानं सगळं तिच्या कानावर घातलं.

"खरं सांगा."

"लोक उठून जातील."

"जाऊं दे. लगीन झाल्यावर माझं आडनाव बदललंत, गाव बदललंत. म्हनून माझ्या बापानं मला वळख दाखवायची सोडली काय?" तिचा आवाज चढला तशी शेजारची बाई वळून बघायला लागली. "तुमी पोरीला आज नुसतं सात नंबर म्हनालात, तर मी इथं उभी ऱ्हाऊन तिचं नाव घेईन."

चार वाजता जगननं माईक हातात घेतला. आधी निळा संघ. एकेक नाव, एकेक राज्य, आणि प्रत्येक नावाला टाळ्या. मग पांढरा संघ. सहा नंबर झाला. हैबतराव जगनवरची नजर काढत नव्हते.

"सात नंबर," तो म्हणाला आणि थांबला. नुसतं इतकंच म्हणून पुढं जाता आलं असतं. "नम्रता जगन घरत. गाव खारदेवळी, तालुका पेण, जिल्हा रायगड. देश इंग्लंड. बाहेर फ्लेक्सवर चुकीचं छापलंय. चूक मंडळाची नाय, माझी हाय. मी वाचलं नि गप ऱ्हायलो."

पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "देश इकला काय रं पोरीनं?" चंद्रावतीच्या शेजारी बसलेल्या गिरजाबाई म्हणाल्या, "पोटासाठी गेली ती, चोरी नाय केली," पण त्यांचं ऐकतो कोण! पाचपन्नास माणसं उठून चालायला लागली. हैबतरावांनी माईककडे हात नेला, एवढ्यात पडद्यावर पंचाची शिट्टी वाजली. चालू सामन्यात माईक काढून घ्यायची इकडे रीत नाही. त्यांनी हात मागे घेतला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा भारत दोन गुणांनी पुढे होता आणि चढाईला नम्रता आली. एकीला हातानं, एकीला पायानं टिपून ती मध्यरेषेवर पडली. समाजमंदिरात एक टाळी वाजली नाही.

"नम्रता घरत. इंग्लंडला दोन गुण. बरोबरी," जगननं सांगितलं. आवाज कापू न देण्यासाठी त्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती.

शेवटची चढाईही तिचीच होती. निळ्या संघातल्या एकीनं तिचा घोटा धरला, वरून तिघी पडल्या. तिचा गुडघा खाली आपटला आणि सगळं समाजमंदिर उसळलं. तिरंगे नाचायला लागले.

"पकड! भारताला एक गुण! भारत विजयी!" जगन ओरडला. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. मग पडद्यावर ती उठेना, तेव्हा त्याला त्या आनंदाची लाज वाटली. त्या नाचणाऱ्या गर्दीत चंद्रावती एकटी तोंडाला पदर लावून उभी होती. नम्रता उठली, लंगडत जाऊन साऱ्या निळ्या पोरींशी हात मिळवून आली, तरी चंद्रावती खाली बसली नाही.

लोक पांगल्यावर हैबतराव म्हणाले, "माईक टेबलावर ठेव." जगननं तो पुसून ठेवला.

तासाभरानं फोन आला. सतरंज्या अजून गुंडाळायच्या होत्या.

"बाबा, बघितलात ना? काय म्हनून नाव घेतलंत माझं?"

जगननं शब्दन् शब्द सांगितला.

"इथला माईकवाला म्हनाला, भारतीय वंशाची खेळाडू," ती म्हणाली. "भारताच्या पोरी म्हनत व्हत्या, ती इंग्लंडवाली. खारदेवळी कुनीच नाय म्हनालं, बाबा."

चंद्रावतीनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"ते ऱ्हाऊं दे गो. गुडघा कंचा आपटला, डावा की उजवा?"

"उजवा, आये."

"लय सुजलाय?"

"थोडा. बर्फ लावलाय."

चंद्रावती खाली बसली. फोन कानाशी धरून ती आपला उजवा गुडघा हळूहळू चोळत राहिली.