उस्तादची मऊ झांज

हॉलच्या दारातच उस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर सोळा मुली नाचत होत्या, त्याच्याच नव्या गाण्यावर, आणि सोळाही जणींच्या कानांत कापसाचे बोळे होते.

"हा काय तमाशा?" तो ओरडला. मुली जागच्या जागी थांबल्या. नाच बसवणाऱ्या बाई मात्र घाबरल्या नाहीत. पंधरा वर्षं त्या उस्तादच्या गाण्यांवर नाच बसवत होत्या आणि त्याचा आरडाओरडा त्यांच्या अंगवळणी पडला होता.

"बोळे काढले की डोकी दुखतात मुलींची," त्या म्हणाल्या. "गाणं टोचतंय, उस्ताद."

"टोचतंय? माझं गाणं?"

"ती वरची झांज. टाचणीसारखी घुसते कानात. तुमची आधीची गाणी कशी मऊ असायची! शनिवारी स्पर्धा आहे. चार वाजेपर्यंत नीट करून पाठवा, नाहीतर मी जुन्या गाण्यावर नाच बसवते."

जुन्या गाण्यावर! उस्तादच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आधी तुमचे हे स्पीकर भंगारात घाला," असं म्हणत तो स्वतःच स्पीकरपाशी गेला, कान लावून उभा राहिला आणि गाणं पुन्हा सुरू करायला लावलं. ठोका दमदार. खालचा बास पोटात घुमणारा. झांज हवी तशी. खरं तर अजून चिमूटभर चालली असती. एक मुलगी कानांवर तळवे दाबून भिंतीकडे तोंड करून उभी होती. नाटकं नुसती, असं त्याला वाटलं.

"माझ्या फाइलला कुणीतरी हात लावलाय."

"तुमच्याकडून जशी आली तशीच लावली," बाई म्हणाल्या. "चार वाजता, उस्ताद."

या माणसाची गोष्ट सांगायची तर त्याचा राग आधी सांगावा लागतो, कारण कामाइतकंच नाव त्याने रागावरही कमावलं होतं. सोळाव्या वर्षी त्याने घरातल्या लोखंडी कपाटाचं दार आपटून तो आवाज टेपवर घेतला आणि वडिलांचा मार खाल्ला. बाविसाव्या वर्षी तोच आवाज एका गाण्यात वाजला आणि गल्लीगल्लीतली पोरं त्यावर रॅप करू लागली. मग तीस वर्षं नाचाचे क्लब, गर्दी, आणि डोक्याएवढ्या उंचीवर ठेवलेले स्पीकर. तो मुद्दाम त्यांच्यासमोर उभा राहायचा. लांबून ऐकणारे हौशी, असं म्हणायचा. अलीकडे तर त्याची झांज गाजत होती. मऊ, रेशमी, कानाला न बोचणारी. नवे लोक त्याला विचारायला यायचे, ही कशी करता हो? तो मिशीत हसायचा आणि सांगायचा, "कान लागतो."

गाणं पुरं झालं की ते त्याच्या धाकट्या बहिणीकडे जायचं. ती शेवटचा हात फिरवायची, कुठे खरखर नाही ना बघायची आणि पुढे पाठवायची. चारचौघांत उस्ताद याला इस्त्री म्हणायचा. "कापड माझं, शिलाई माझी, ही नुसती इस्त्री करते." धाकटी शेजारीच बसलेली असली तरी म्हणायचा. या वेळी ती तीन दिवस लेकीकडे नातवाला बघायला गेली होती. इस्त्रीवाचून काय अडतंय, असं म्हणून त्याने गाणं स्वतःच बाईंना पाठवून दिलं होतं.

टॅक्सीत बसल्यावर दोन आणि दोन चार एवढं त्याच्याही डोक्यात आलं. आधीच्या गाण्यांना इस्त्री होती, ती मऊ. याला नव्हती, हे टोचतं. पण रागाने भरलेल्या डोक्यात शिरलं ते उलटंच. म्हणजे ही बया माझ्या पाठीमागे माझ्या गाण्यांत ढवळाढवळ करते! किती बिघडवलं असेल देव जाणे. आज तिला पुराव्यासकट पकडतो आणि तिच्यासमोर बाईंना फोन लावतो.

घरी धाकटी नुकतीच आली होती. जिन्याशी तिची बॅग होती आणि स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता. "दादा, चहा टाकलाय," ती म्हणाली. तो सरळ तिच्या कामाच्या खोलीत गेला आणि तिचा कॉम्प्युटर उघडला. प्रत्येक गाण्याच्या दोन-दोन फाइली होत्या. एकीवर लिहिलं होतं 'दादाचं', दुसरीवर 'दुरुस्त'.

दुरुस्त! तीन वर्षांची गाणी होती तिथे, एकूण एक.

या धंद्यात चोर पकडायची एक सोपी युक्ती आहे. दोन्ही फाइली एकाच वेळी लावायच्या, पण त्यातली एक उलटी करून, म्हणजे तिच्या लाटेचे चढ खाली आणि उतार वर करून. दोन्हींत जे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं. मागे उरतं ते फक्त बदललेलं. काहीच बदललं नसेल तर काहीच ऐकू येत नाही. त्याने आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं निवडलं, जे ऐकून लोक त्याला झांजेचा बादशहा म्हणायला लागले होते. एक फाइल उलटी केली आणि बटण दाबलं.

खोलीत शांतता.

उस्ताद मोठ्याने हसला. नावं दुरुस्तीची आणि दुरुस्ती शून्य! बिचारीने आपलं काम मोठं दाखवायला फाइलींना नावं दिली होती तर. त्याला तिची थोडी कीवही आली. बंद करायला त्याने हात पुढे केला आणि त्याचं लक्ष पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीकडे गेलं.

पट्टी हलत होती. वर, खाली, वर, खाली. झांजेच्या जागी, बरोबर झांजेच्या तालात.

त्याने आवाज वाढवला. शांतता. आणखी वाढवला. हिरवी पट्टी पिवळी झाली. स्पीकरची वायर ओढून बघितली, ती घट्ट होती. स्पीकरच्या तोंडावर बोट ठेवलं तर बोटाला बारीक थरथर लागत होती. त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं. पट्टी लाल झाली. उस्तादला पंख्याची घरघर ऐकू येत होती, खालच्या रस्त्यावरच्या ट्रकचं इंजिन ऐकू येत होतं, आणि स्पीकरमधून काहीही ऐकू येत नव्हतं.

दार धाडकन उघडलं. धाकटी कानांवर दोन्ही हात दाबून आत धावत आली, चेहरा वेडावाकडा झालेला. "बंद कर! दादा, बंद कर ते! कान फाटतील माझे!"

तिनेच वायर उपटली. त्यानंतर तिला जी शांतता ऐकू आली, ती त्याच्यासाठी आधीपासूनच होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं तरी."

"तीन वर्षं मला मूर्ख बनवलंस तू! घरातल्या घरात! लोक माझ्या झांजेची तारीफ करत होते आणि तू मनात हसत होतीस!"

"हसत होते?" धाकटीचाही आवाज चढला. "रोज ती टाचणी माझ्या कानात घुसायची, ती मी एकेक करून काढत होते. हसायला फुरसत कुणाला होती?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला? सांगायचं?" ती पुढे आली. "तुझ्या गिटारवाल्याने सांगितलं होतं. आठवतं? चारचौघांत नाही, बाजूला घेऊन, हळूच. झांज जरा तीक्ष्ण लागते, वरचा आवाज तुला कमी येतो म्हणून तू तो वाढवतोस, एकदा कान तपासून घे म्हणाला. बारा वर्षांचा दोस्त. तू त्याची गिटार जिन्यावरून खाली फेकलीस. त्या दिवसापासून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं, मीसुद्धा. तुझं नाव जाऊ नये म्हणून गप्प राहिले आणि वर इस्त्रीवाली म्हणवून घेतलं."

उस्तादने टेबलावर मूठ आपटली. माउस उडून खाली पडला. गिटारवाल्यावर राग, तिच्यावर राग, बाईंच्या कापसावर राग, आणि या सगळ्यांच्या खाली एक राग होता तो कुणावर काढायचा हे त्याला समजेना. त्या गाजलेल्या गाण्यातलं मऊपण त्याचं नव्हतं. त्याची होती ती टाचणी.

"साडेतीन वाजले," धाकटी म्हणाली. बाईंनी फोन करून तिलाही चारची वेळ सांगितली होती. "ऊठ तिथून. मी करते."

"नाही."

"दादा, आता पुन्हा हट्ट नको."

"गाणं माझं आहे. मीच करणार," तो दातओठ खात म्हणाला. "तू समोर उभी राहा. इथे, माझ्याकडे तोंड करून."

त्याने नवं गाणं लावलं. धाकटी स्पीकरच्या बाजूला उभी राहिली. पहिली झांज पडली आणि तिचे डोळे बारीक झाले, मान एका खांद्याकडे वळली. त्याने वरच्या आवाजाचं बटण धरलं आणि डावीकडे एक केसभर फिरवलं. त्याला काही फरक कळला नाही. तिच्याकडे पाहिलं. कपाळावर आठी होती. आणखी फिरवलं. आठी तशीच होती.

"अजून?" तो खेकसला.

"अजून."

"अजून किती, च्यायला?"

"फिरव."

तो फिरवत राहिला. हे त्याचं सगळ्यात लाडकं बटण होतं आणि आज त्याच्या बोटांखाली ते मेलेलं होतं. कुठेही नेलं तरी गाणं त्याला तसंच ऐकू येत होतं. त्याने पडद्याकडे बघणं सोडलं. फक्त बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने तो इतका वेळ कधी पाहिला नव्हता. आधी भुवया सुटल्या. मग जबडा. मग मान सरळ झाली.

तिथे त्याने हात काढला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. छान झालं, दादा."

"हेही तुझ्याकडून ऐकायला लागतं आता," तो म्हणाला, आणि इतक्या जोरात ओरडून म्हणाला की धाकटीने पुन्हा कानांवर हात ठेवले.