आईच्या नावाचा द्रोण

"मेली म्हणून सांगजा तिले..." पळसाच्या द्रोणाला काडी टोचताना शोभाबाईंना तो आवाज पुन्हा आला – आठ वर्षांपूर्वीचा, पोरीला सोडून जाणाऱ्या आईचा, फाटकाबाहेरून आलेला, उद्या वेचणीला येत नाही म्हणून सांगावं तसा सपाट. रडली असती तर नाही म्हणणं जमलं असतं...

पान चिरलं. त्यांनी दुसरं घेतलं.

त्या साली कपाशी दोनदा पेरूनही उगवली नव्हती, आणि लोहाऱ्याच्या या बालगृहात आठवड्याला एखादं लेकरू येत होतं. गुंजनचा बाप वारला, आईला नेरला दुसरं घर मिळालं, त्या घराला पोर नको होती – इतकं साधं. आई मेली असं पोरीला सांगायला शोभाबाई हो म्हणाल्या. पुढच्या वर्षी सर्वपित्रीला शेजारच्या भिंतींवरचे घास आपल्या मुलांनी नुसते बघत राहू नयेत म्हणून त्यांनीच रिवाज घातला, ज्याचं त्याचं माणूस, ज्याचा त्याचा द्रोण. रांगेत गुंजनही उभी राहील, हे तेव्हा सुचलंच नाही. जित्या बाईच्या नावाने सात वर्षं कावळे बोलावले आपण... आणि ते येऊन, खाऊन गेले.

"माह्या बाबाले दोन भजे जास्त टाक, मानीमावशी," आभा म्हणाली. "नाही तं रुसते तो."

"जिता होता तवा रुसे काय?" मानीबाईने कढईवरून नजर न काढता विचारलं.

"कोन जाने. मी कुठी पाह्यला त्याले?"

गुंजन जवळ येऊन बसली. चौदाची झाली होती, नखांत बेसन.

"बाई, माह्या आईले काय आवडे?"

दरवर्षी हेच. एका साली खीर सांगितली, एका साली सांडगे, गेल्या साली भरली वांगी – असं करत करत शोभाबाईंनी एक अख्खी मेलेली बाई रांधली होती. खऱ्या आईला पाव तास पाहिलेलं, पुढे केलेलं पाणीही तिने घेतलं नव्हतं. आता कढी म्हणायचं, की झालं... मग ही पोर जन्मभर, स्वतःच्या घरी, या दिवशी कढी करील.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हतं. गुंजन, तुझी आई आहे. नेरला असते."

तेलात वडा सुटला. गुंजनने हातातला द्रोण खाली ठेवला नाही. काहून, असं ती विचारील, म्हणून आठ वर्षं घासूनपुसून ठेवलेली उत्तरं शोभाबाईंच्या ओठांशी येऊन थांबली. तिने ते विचारलंच नाही.

"तिले लेकरं हायेत काय आता?"

नेरला जाणं झालं की त्या आडून चौकशी करत, त्यामुळे ठाऊक होतं. नाही म्हणता आलं असतं – एवढं एकच, शेवटचं खोटं... पण इतकी वर्षं शब्द जुळवून देणारी त्यांच्या आतली ती बाई हाक मारूनही येईना, आणि तिच्यावाचून बसणं शोभाबाईंना नवंच वाटत होतं, अंगावरची शाल कुणी काढून नेल्यासारखं.

"दोन," त्या म्हणाल्या. "धाकटी मुलगी आहे."