लाम म्हाताऱ्याची थाई गाडी

लाम म्हाताऱ्याच्या घरी पुढच्या खोलीत पूर्वजांचा देव्हारा होता आणि देव्हाऱ्याखाली मोटारसायकल. उदबत्तीची राख नेमकी सीटवर पडायची, म्हणून तिच्यावर फुलाफुलांची चादर असायची. पाहुणा आला की म्हातारा ती चादर नव्या नवरीचा पदर सारावा तशी हलक्या हाताने सारायचा आणि म्हणायचा, "थाई आहे. इथली नाही." मग चहा यायचा. आधी गाडी आणि मग चहा, असा त्या घरचा रिवाज होता.

गाडी त्याने बावीस वर्षांपूर्वी जुनीच घेतली होती, शहरातल्या एका दलालाकडून. त्यासाठी घरामागचं मासळीचं तळं विकलं. तळ्यात मासे होते, काठावर केळी होत्या, आणि त्यावर घरातली चार माणसं पोटभर जेवत होती. पण थायलंडहून आलेली गाडी गावात कुणाकडे नव्हती, आणि तळी सगळ्यांकडे होती. तशीच गाडी आमच्याकडेही बनत होती, अगदी सात किलोमीटरवर, कालव्यापलीकडच्या कारखान्यात. ती निम्म्या किमतीत मिळाली असती. पिकतं तिथे विकत नाही असं म्हणतात, पण आमच्या गावाइतकं ते कुणी मनावर घेतलं नसेल.

चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला म्हातारा पूर्वजांना उदबत्ती लावायचा, मग गाडी अंगणात काढायचा, किक मारायचा आणि गावच्या देवळासमोरच्या तळ्याला एक फेरी घालून परत यायचा. मग पुसणं. पुसायला फेरीच्या चौपट वेळ लागायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मुलगाही नाही, तो आता हनोईत इमारतींवर काम करतो आणि नव्या वर्षाच्या सणाला तेवढा घरी येतो. सून तर नाहीच नाही.

सून म्हणजे थ्वान. कालव्यापलीकडच्या त्याच कारखान्यात तिने पंचवीस वर्षं काढली. चौकटीत इंजिन बसवायचं आणि त्याचे बोल्ट आवळायचे, हे तिचं काम. मोटारसायकली बनवायला ती रोज सायकलवर जायची; सात किलोमीटर जाणं, सात येणं, माघातल्या बोचऱ्या झिमझिमीतसुद्धा. घरात गाडी चादर पांघरून झोपलेली असायची. थ्वानला याचा राग यायचा का? यायचा. रोज यायचा, आणि रोज ती तो कालव्याच्या पुलावर चढताना पायडलवर काढायची.

गेल्या वर्षी तिचा खांदा गेला आणि तिने काम सोडलं. सासूबरोबर ती टोफू करायला लागली. सासूचं नाव त्वेत. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. टोफू इतका चांगला व्हायचा की बाजारात आठ वाजता थ्वानची टोपली रिकामी असायची. मग कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका कँटीनच्या बाईने विचारलं: रोज चाळीस किलो, पहाटे साडेपाचला, गरम, जमेल का? सोमवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरी तयार आहे. वसाहत सोळा किलोमीटरवर. चाळीस किलो टोफू आणि दुखरा खांदा घेऊन सायकलवर ते जमणार नव्हतं.

एकदा तिने स्वतःच्या पैशांनी एक जुनी गाडी घेऊन पाहिली होती, अगदी स्वस्तातली नक्कल. तिच्या टाकीवर जपानी नाव होतं, सीटवर थाई लेबल होतं, आणि हाडं कुठली होती ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. घेतल्यापासून आठव्या महिन्यात कालव्याच्या पुलावर तिची साखळी तुटली आणि टोफूचा क्रेट पाण्यात गेला. बदकांची चंगळ झाली, गाडी भंगारात गेली. म्हाताऱ्याने ती गोष्ट चहाच्या टपरीवर महिनाभर पुरवली.

आता तिने सरळ विचारलं. "बाबा, गाडी द्या. सकाळी दोन तास. पुसूनच परत ठेवीन."

म्हाताऱ्याने बांबूच्या चिलमीतून पाणी गुडगुडवलं, धूर सोडला. "थाई गाडीवर टोफू?"

"टोफूवाल्यांनी काय पाप केलंय?"

"तुला काय कळणार. तू इथला माल आवळत बसलीस जन्मभर."

"त्या मालावर अर्धा देश फिरतो, बाबा."

"फिरतो ना. खडखडत," म्हातारा म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

त्यात शनिवारी म्हाताऱ्याने सांगून टाकलं की गाडी विकायची ठरली आहे. हनोईचा कुणी क्वांग म्हणून जुन्या थाई गाड्या गोळा करणारा, तो सहा कोटी दोंग देतो. आमच्याकडे चहाचा पेलाही हजारात जातो, त्यामुळे कोटींनी दचकू नका. तरी सहा कोटी म्हणजे दोन चांगल्या म्हशी आल्याच. म्हाताऱ्याला त्यातून आईवडिलांच्या कबरी ग्रॅनाइटच्या बांधायच्या होत्या. शेजाऱ्याने बांधल्या होत्या, त्याहून हातभर उंच.

"त्यातून मला एक साधी जुनी गाडी?" थ्वानने विचारलं.

"उरले तर बघू."

"उरणार नाहीत," सासू चुलीकडून म्हणाली. "ग्रॅनाइट कधी पुरलंय का कुणाला?"

रविवारी सकाळी क्वांग आला. तिशीतला, गुळगुळीत बोलणारा, पायात पांढरे बूट. त्याने चादर काढली, गाडीभोवती दोनदा फिरला, वाकून नंबर पाहिले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वा." मग स्क्रू काढून पायांपुढचं पांढरं प्लास्टिकचं झाकण उतरवलं. ते झाकण बावीस वर्षांत कुणी उतरवलं नव्हतं. म्हातारा श्वास रोखून उभा राहिला. क्वांगने मोबाइलचा उजेड आत टाकला.

थ्वान चहाचे पेले ठेवायला वाकली, आणि तिला बोल्ट दिसला.

कारखान्यात बोल्ट पुरेसा आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत तेलरंगाच्या पिवळ्या पेनाने एक रेघ ओढायची असते. बोल्ट पुढे कधी सैल झाला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. सगळ्यांच्या रेघा उजवीकडे झुकलेल्या असायच्या. थ्वानची डावीकडे, कारण अख्ख्या लाइनवर डावखुरी ती एकटीच. सुरुवातीला मुकादम खेकसायचा, "तुझी रेघ उलटी का?" मग तोच म्हणायला लागला, "उलटी आहे ना, मग पुढची गाडी घ्या, ही बघायला नको."

धुळीच्या थराखाली पिवळी रेघ होती. डावीकडे झुकलेली आणि अखंड.

थ्वान चहा ठेवून उठली. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची असणार, या घराचं नावही तिला माहीत नव्हतं. गप्प राहावं का? गप्प राहिलं तर कबरी होतील, म्हातारा सुखाने डोळे मिटेल. बोललं तर घरात शिमगा. तिने गप्प राहायचं ठरवलंही होतं.

पण क्वांग म्हणाला, "हे बघा काका. बावीस वर्षांत इंजिन जागेवरून तसूभर हललेलं नाही. ही बसवणी थाई हाताची. आपल्या माणसांना हे जन्मात जमायचं नाही."

"ऐकलंस?" म्हातारा थ्वानकडे वळून हसला. "विचारा हिला. पंचवीस वर्षं बोल्ट आवळले हिने. असं काम कधी पाहिलं होतंस का, सूनबाई?"

"पाहिलंय," थ्वान म्हणाली. "मीच केलंय ते."

मग तिने चुलीतला कोळसा आणला, उकिडवी बसली आणि फरशीवर डाव्या हाताने एक रेघ ओढली. बाजूला दुसरी, तिसरी. सगळ्या तशाच झुकलेल्या. "आता आत बघा. ती गाडी थायलंडची नाही. कालव्यापलीकडची आहे. तो बोल्ट मी आवळलाय."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून वाकला. फरशीवर बघितलं, आत बघितलं, परत फरशीवर. त्याने क्वांगकडे पाहिलं, आता हा हिला खोडून काढेल अशा आशेने.

क्वांगने उसासा सोडला. "ताई, बोलायला नको होतं तुम्ही. मला नंबर पाहिल्याबरोबरच कळलं होतं. घासून परत ठोकलेत. दलालाने काम छान केलंय त्या वेळी."

"म्हणजे तू..." म्हातारा म्हणाला.

"काका, बसा. काही बिघडलेलं नाही. भाव तोच. मी पुढे ज्याला विकणार तो काय बोल्टला विचारणार आहे, बाबा रे तू कुठला? लोक गाडी घेतच नाहीत, 'थाई' घेतात. फक्त पेट्रोलचा एक बोळा द्या. रेघ पुसली की झाली परत थाई."

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "बघा. सून यायच्या आधी सुनेचा हात घरात येऊन बसला होता, आणि आम्ही त्याच्यावर चादर घालून ठेवली."

"तू गप्प बस," म्हातारा म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. त्याने कोनाड्यातला गाडी पुसायचा बोळा घेतला. बाटलीतलं पेट्रोल त्यावर ओतताना अर्धं जमिनीवर सांडलं. तळं गेलं होतं ते एका शब्दासाठी, हे त्याला आता उभ्या उभ्या कळत होतं. निदान तो शब्द तरी सहा कोटींना परत विकला जावा, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. थ्वानला त्याची कीव आली. पण त्याहून जास्त राग आला, आणि या वेळी तो काढायला पायडल नव्हतं.

"पुसा," ती म्हणाली. "तुमची गाडी, तुमचा बोळा. पण मी काही पुसली जाणार नाही. क्वांगभाऊ, तुझ्या दुकानाचा पत्ता बाबांनी कागदावर लिहून घेतलाय. मी बसने येईन आणि दारात टोफू विकत बसेन. जो ही गाडी बघायला येईल त्याला सांगेन की ती कुणी बनवली. रोज येईन."

"ताई, यात तुमचा फायदा काय?"

"काही नाही. पंचवीस वर्षं ऐकतेय की आमच्या हाताला जमत नाही. तूच आत्ता म्हणालास, तसूभर हललं नाही म्हणून. मग तुझं कौतुक माझ्याकडेच राहू दे. थायलंडला पाठवू नकोस."

क्वांग हसून म्हाताऱ्याकडे वळला. "काका, सुनेला आवरा."

हे मात्र तो चुकीचं बोलला. लाम म्हातारा सुनेला इतकी वर्षं घालूनपाडून बोलला असेल, पण बाहेरच्या माणसाने पांढऱ्या बुटांसकट घरात उभं राहून ते सांगावं, ही गोष्ट वेगळी. म्हाताऱ्याने बोळा धरलेला हात खाली केला.

"त्या दिवशी किती आवळले असशील?" त्याने थ्वानला विचारलं.

"पाळीला दोनशे गाड्या. गाडीला चार बोल्ट."

"सैल म्हणून किती परत आले?"

"माझा एकही नाही. कधीच नाही."

म्हातारा परत वाकला. बोट आत घालून त्याने रेघेवरची धूळ काढली. बोळ्याने नाही, बोटाने. पिवळा रंग उघडा पडला. उठताना गुडघा कटकन वाजला.

"ही विकायची नाही," तो म्हणाला.

"काका, आता ठेवून काय उपयोग? थाई तर नाहीच ती."

"थाई असती तर विकली असती."

क्वांगने साडेसहा म्हटलं, दारात पोचल्यावर सात म्हटलं. म्हाताऱ्याने त्याला चहा संपवून जायला सांगितलं, कारण चहा टाकणं वाईट. तो गेल्यावर म्हातारा पायरीवर बसला आणि चिलीम न पेटवताच धरून राहिला. गावात काय सांगायचं हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेला होता. थ्वान झाकणाचे स्क्रू लावत होती.

"क्रेट कुठे बांधणार?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मागे."

"सीटवर ओरखडा नको."

"चादर घालते ना खाली. ती आता रिकामीच आहे."

सासू हसली. म्हाताऱ्याने हसू दाखवलं नाही, पण किल्ली गळ्यातल्या दोरीतून सोडवून पायरीवर ठेवली. तिच्या हातात देणं एवढ्यात जमणार नव्हतं.

"आणि कबरी?" थ्वानने विचारलं.

"त्या थांबतील," म्हातारा देव्हाऱ्याकडे न बघता म्हणाला. "टोफू थांबत नाही. आज कँटीनच्या बाईला कळव, उद्यापासून येते म्हणून."

थ्वानने धुळकट हात कपड्यांना पुसले, पायरीवरची किल्ली उचलली आणि फोन शोधायला आत गेली.