क्लोरीनचे छत्तीस

अख्ख्या परभणीत आपल्याएवढं शास्त्र कुणालाच कळत नाही, याबद्दल व्यंकटराव मास्तरांना शंका नव्हती. निजामाच्या राज्यातलं फसली सन तेराशे अठ्ठेचाळीस, म्हणजे इंग्रजी १९३८-३९, चालू होतं. शाळेत शिकवणं उर्दूतून, आणि इंग्रजी पुस्तकांचा उर्दूत तर्जुमा करणारे मास्तरांच्या लेखी निव्वळ गाढव. हाताखालचे शिक्षक त्याहून खाली. त्यात वीरभद्र तर त्यांच्याच हाताखाली शिकलेला, पिंगळीच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. हैदराबादची डिग्री घेऊन आला होता आणि रोज सकाळच्या गाडीनं शाळेत यायचा.

नव्या पुस्तकात लिहिलं होतं, की क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, पस्तीस आणि सदतीस. हे त्याचे समस्थानिक. खाली अणुभार दिला होता ३५.४६. मास्तरांनी दोन्ही आकडे मिळवले, दोनानं भागले, छत्तीस आले. त्यांनी लाल शाईनं पुस्तक दुरुस्त केलं आणि वीरभद्रच्या वर्गात जाऊन चाळीस वह्यांतही छत्तीस लिहायला लावलं.

तास संपल्यावर वीरभद्र म्हणाला, "गुरुजी, दोन्ही अणू सारख्याच संख्येनं असते तर छत्तीस बरोबर हाय. पण पस्तीसचे तीन असले तर सदतीसचा एक, असं साधारण प्रमाण हाय. पस्तीस त्रिक एकशे पाच, त्यात सदतीस मिळवले की एकशे बेचाळीस. चारानं भागा. साडेपस्तीस येतात."

"तीनास एक हे कुणी मोजलं? तुझ्या बापानं, दुकानातल्या तराजूत?"

"आपल्या तराजूतबी पडताळता येतं. शुद्ध मीठ अन् सिल्व्हर नायट्रेट हाय की शाळेत."

"लय शिकून आलास," मास्तर म्हणाले आणि पाठ फिरवून निघून गेले.

याचं नाक कापायचंच म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळा उघडली. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट ओतल्यावर तळाशी बसणारा पांढरा साका उजेडानं काळा पडू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. हिशेब सोपा होता. एक ग्रॅम मिठापासून मिळणारा साका, क्लोरीनचा अणुभार छत्तीस असेल तर, २.४३९ ग्रॅम भरेल, पुस्तकातला आकडा खरा असेल तर २.४५२. त्यांनी साका गाळला, धुतला, वाळवला, तोलला. २.४५१.

मीठ दमट असणार, म्हणून मीठ भाजून पुन्हा केलं. तेवढंच. तिसऱ्यांदा वजनं पुसून केलं. तेवढंच. दोष द्यायला खोलीत दुसरं कुणीच उरलं नव्हतं. चौथीतल्या पोरानं करावी तशी सरासरी आपण केली, हे कळल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वजनांचा कागद वीरभद्रपुढं टाकला. त्यानं तो नीट वाचला.

"एक्कावन्न? बावन्न पाहिजे होते. धुताना थोडं वाहून गेलं असंल, गुरुजी. पण हात लय चांगला हाय तुमचा."

बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मास्तरांना सहन झालं नाही. त्यांनी वर्गात जाऊन फळ्यावर ३५.४६ लिहिलं, "माझी चूक झाली," एवढं बोलले आणि बाहेर पडले. नवं वर्ष लागताच शास्त्राचे तास वीरभद्रला देऊन त्यांनी खालच्या वर्गांचं गणित मागून घेतलं. तिथं सरासरी चुकणाऱ्या पोराला मात्र ते आधीपेक्षा जास्त घालूनपाडून बोलू लागले.