शंभरपैकी किती?

"पुन्हा खाली घसरलो! शेजारचा देशसुद्धा आपल्या वर!"

नवऱ्यानं वर्तमानपत्र टेबलावर असं आपटलं की चहा बशीत सांडला. कोणत्या देशात निवडणुका किती खऱ्या होतात, माणसाला बोलायची मुभा किती आहे, हे पाहून शंभरपैकी गुण देणारी एक परदेशी संस्था होती. तिचा निकाल त्या सकाळी छापून आला होता.

"कोण हे टिकोजीराव आपल्याला गुण देणारे?" तो गरजला. "आपल्याकडे कुणाला बोलू देत नाहीत, सांग बरं!"

"समोरच्या छापखानेवाल्याला," बायको म्हणाली.

तो ताडकन उठला. आधी खिडकी लावली आणि मग दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल ना! भिंतींनाही कान असतात."

कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या सासूबाई खो खो हसल्या. "घे! मिळालं तुझं उत्तर!"

समोरच्या दारातल्या छापखानेवाल्यानं एक पत्रक छापलं होतं. नगरपालिकेची निवडणूक वर्षानुवर्षं पुढे का ढकलली जातेय, एवढाच प्रश्न त्यात होता. छापखान्याला सील लागलं, त्याला उचलून नेलं आणि त्या दिवसापासून या घरानं समोरच्या घराशी बोलणं टाकलं. जिन्यात त्याची बायको दिसली तर ही मंडळी किल्ली शोधण्याचं नाटक करत.

सून, म्हणजे त्याची बायको, सरकारी कचेरीत दुभाषी होती. निकालामुळे वरच्या लोकांचं नाक कापलं गेलं होतं. म्हणून त्यांनी त्या संस्थेच्या दोन पाहुण्यांना मोठ्या दिमाखात आमंत्रण दिलं, 'या, स्वतः येऊन बघा!' इथल्या माणसांचं बोलणं पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं काम हिच्याकडे आलं. साहेबांनी तिला आत बोलावलं.

"बाई, शब्दाला शब्द द्यायची गरज नाही. सार सांगायचं. कुठं कडू लागलं तर थोडी साखर घाला. देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"हो सर," ती म्हणाली. नोकरीत हा शब्द आपोआपच तोंडातून निघतो.

वाचनालयाच्या सभागृहात 'नागरिकांशी मुक्त संवाद' ठेवला होता. पुढच्या रांगेत साहेबांनीच निवडलेले नागरिक बसले होते. कापडदुकानदार म्हणाला, आम्ही सुखी आहोत. व्यायामशाळेचे गुरुजी म्हणाले, आम्ही फार सुखी आहोत. दोघा पाहुण्यांतल्या बाईंनी जांभई दाबली. इतक्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. छापखानेवाल्याची बायको!

तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "माझ्या नवऱ्यानं चोरी केली नाही, मारामारी केली नाही. एक प्रश्न छापला. त्याला नेलं, कोर्टापुढेही उभं केलं नाही. कुठं ठेवलंय तेही मला सांगत नाहीत. शेजारपाजारचे माझ्याशी बोलायलासुद्धा घाबरतात. याला किती गुण देता?"

 साहेबांनी दुभाषीकडे नुसतं पाहिलं.  आणि परक्या भाषेत ती म्हणाली, "या बाईंचे यजमान सध्या बाहेरगावी असतात. धंदा मंदीत आहे, त्यामुळे त्या काळजीत आहेत."

पाहुण्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. ते पाहून छापखानेवाल्याच्या बायकोचा चेहरा उजळला. जाताना तिनं दुभाषीचा हात घट्ट धरला. "तुम्ही होतात म्हणून धीर झाला, ताई. आपलं माणूस असलं की बरं असतं."

संध्याकाळी सून घरी आली ती तशीच भिंतीला टेकून बसली. सगळं सांगून झालं तसा नवरा म्हणाला, "बरं केलंस. घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला न्यायची?"

"भांडण?" सासूबाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. त्यांचा जन्म शिकवण्यात गेला होता, आणि रागावल्या की अजूनही समोर वर्ग बसलाय असं वाटे. "तपासणीला साहेब येणार म्हटलं की आमचे हेडमास्तर कच्च्या पोरांना घरी बसवायचे. शाळेला पहिली श्रेणी मिळायची, हारतुरे व्हायचे. पोरं मात्र पाचवीत जाऊनही धडा वाचताना रडायची! पलीकडच्या शाळेनं कच्ची पोरं पुढे बसवली. श्रेणी खालची मिळाली, पण दोन शिक्षक जादा मिळाले. आता सांग, हुशार शाळा कोणती?"

"आई, देश म्हणजे शाळा नव्हे."

"नव्हेच! शाळेत पोर नापास होतं, इथं माणूस नाहीसा होतो! तुला शेजारच्या देशाच्या वर जायचंय ना? मग त्या माणसाला सोडायला सांग. ते नको, नुसते गुण हवेत! आणि तू गं," त्या सुनेकडे वळल्या, "त्याचं तोंड सरकारनं बंद केलं. त्याच्या बायकोचं आज कुणी केलं?"

 सुनेच्या आत राग पेटला होता. साहेबांवर, नवऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या 'हो सर'वर.

दुसऱ्या दिवशी निरोपाची बैठक होती. हार झाले, भाषणं झाली. साहेब आभार मानायला उठणार, तोच ती उभी राहिली.

"काल मी खोटं भाषांतर केलं."

"बाई! मर्यादा सांभाळा!"

"कुणाची मर्यादा?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "माणूस कोंडून ठेवताना कुणाला मर्यादा आठवली होती? देशाची अब्रू त्या बाईनं घालवली नाही, साहेब! ती घालवली तुम्ही, आणि काल मी!"

मग तिनं कालचा प्रत्येक शब्द आधी आपल्या भाषेत आणि मग त्यांच्या भाषेत सांगितला. साखर न घालता. 'शेजारपाजारचे बोलायला घाबरतात' हे वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, "ती शेजारीण मी आहे."

नोकरी त्याच दिवशी गेली. वर्तमानपत्रांनी तिला घरभेदी ठरवलं. पण पाहुण्यांनी छापखानेवाल्याला भेटल्याशिवाय जायला नकार दिला. ज्या माणसाचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता, तो काही दिवसांतच कोर्टात उभा राहिला. जामीन मंजूर झाला. जामीनदार कोण, असं न्यायाधीशांनी विचारलं. 

"मी," मागून कुणीतरी म्हणालं.

तो दुभाषीचा नवरा होता!  सही करताना बायकोला एवढंच म्हणाला, "आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही गं. आणि खरं सांगू? जिन्यात किल्ल्या शोधून शोधून कंटाळलो."

पुढच्या वर्षी देश आणखी खाली गेला. आता त्या संस्थेला खरं कळलं होतं ना! सून घरी मुलांना परकी भाषा शिकवते. संध्याकाळी दोन्ही घरांत येणंजाणं असतं. छापखान्याचं सील अजून निघालेलं नाही.

वाचकहो, शेजारचा देश वर असो की खाली, त्यानं आपल्या घरातली भीती कमी होत नाही. गुण कमी पडले की आपल्याला राग येतो. यायलाच हवा! पण तो गुण देणाऱ्यावर काढू नका. ज्यांनी ते घालवले त्यांच्यावर काढा. आणि ते घालवत होते तेव्हा आपण खाली मान घालून बसलो होतो, म्हणून थोडा स्वतःवरही.