बटण मध्यावर असताना

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जेमतेम वीतभर लांब. गिटारचा आवाज माझ्यातून जाताना बदलतो, आणि पायाने दाबतात म्हणून लोक मला पेडल म्हणतात. मित्रांनो, पायाखाली राहण्याचे मला कधीच वाईट वाटले नाही. माझ्या रागाचे कारण वेगळे आहे, आणि राग गिळून गोड बोलणे मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला ताईने बनवले. ताई वजनकाटे दुरुस्त करायच्या दुकानात काम करते आणि एका वाद्यवृंदात बास गिटार वाजवायची. तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथेच साधी गिटार वाजवतो. ताईची अडचण अशी होती, की बासचा आवाज स्वच्छ ठेवला तर तो बाकीच्यांच्या गोंगाटात बुडायचा, आणि खरखरीत केला तर त्यातला खालचा दमदार सूर नाहीसा व्हायचा. तिला दोन्ही हवे होते. म्हणून तिने माझ्या पोटात दोन वाटा केल्या, एक स्वच्छ आवाजाची आणि एक खरखरीत आवाजाची. कोणता आवाज किती मिसळायचा ते ठरवायला एक फिरवायचे बटण बसवले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बटण एका टोकाला नेले, आवाज छान. दुसऱ्या टोकाला नेले, तरी छान. मध्यावर आणले, तर बास गायब! खरखरीत वाट आवाजाची लाट उलटी करत होती. एक लाट वर गेली की दुसरी खाली यायची आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकायच्या. "जावाजावांचं भांडण लागलंय," म्हणून ताई हसली आणि तिने त्या वाटेवर आणखी एक ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांचा इवलासा भाग, जोडला. त्याचे काम एकच, उलट्याचे सुलट करणे. आवाज तो चिमूटभरही वाढवत नव्हता. पण नंतर बटण मध्यावर आणले तेव्हा खिडकीची तावदाने थरथरली. पुढची चार वर्षे मी कौतुकात काढली.

मग दादाने मला चार दिवसांसाठी मागून नेले. त्याला सगळे खरखरीतच आवडते, त्यामुळे त्याने बटण त्या टोकाला नेले ते पुन्हा हलवलेच नाही. एके दुपारी त्याला स्वतःच्या पेडलसाठी एक ट्रान्झिस्टर कमी पडला. सुट्या भागांचे दुकान दोन पावलांवर होते, पण आळसाला औषध नाही. त्याने मला उघडले, माझा तो ट्रान्झिस्टर काढला, तिथे तारेचा तुकडा जोडला आणि वाजवून पाहिले. बटण अर्थातच टोकाला. आवाज तसाच आला. "जास्तीचाच होता," असे म्हणून त्याने झाकण लावले. अर्धवट शहाणा!

त्याच आठवड्यात ध्वनिमुद्रण होते. वाद्यवृंदाचे मास्तर ताईवर आधीच नाराज होते. एका गाण्यात सगळे थांबतात आणि बास एकटा वाजतो. त्या जागेवर ताईचे राहणे की जाणे ठरणार होते. सकाळी दादाने मला तिच्या हातात दिले.

"जसा नेला तसाच आणलाय बघ."

ताईला मला एकदा तपासायचे होते, पण मास्तर घड्याळ दाखवू लागले. मग ती जागा आली. ताईने मला दाबले, बटण मध्यावर, आणि माझ्यातून निघाली डासाची भुणभुण.

"हे काय वाजवतेस?" मास्तर कडाडले.

"मास्तर, काहीतरी बिघडलंय, एकदा परत..."

"तुझं नेहमीचंच आहे. उद्यापासून येऊ नकोस."

दादा तीन हातांवर उभा होता. मी त्याचा चेहरा पाहिला, त्याला सगळे समजले होते. पण पठ्ठ्या मूग गिळून गप्प!

घरी आल्यावर ताईने माझे चार स्क्रू काढले.

"दादा, ही तार तू लावलीस?"

"अगं, तो ट्रान्झिस्टर काही करतच नव्हता. मी वाजवून बघितलं ना."

"बटण कुठं होतं तेव्हा?"

दादा आपल्या गिटारच्या तारा पुसू लागला.

"मला विचारायचं तरी."

"एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं?"

"मग आता मास्तरांना सांग, चूक तुझी होती म्हणून."

"सांगतो गं. त्यांचा राग जरा निवू दे."

ताईने झाकण लावून मला फळीवर ठेवले. त्याला सात महिने झाले. मास्तरांचा राग केव्हाच निवला. दादा त्यांच्याबरोबर हसतखेळत चहा पितो. माझा राग मात्र निवलेला नाही आणि निवू नये अशीच माझी इच्छा आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याने जोडलेली वस्तू उघडलीत, तर त्यातले काही काढण्याआधी जोडणाऱ्याला विचारा. आणि न विचारता काढलेत, तर निदान त्याच दिवशी तोंड उघडून सांगा.

नवा ट्रान्झिस्टर ताई पाच मिनिटांत जोडेल. तिने जोडलेला नाही. इतके महिने दादा संध्याकाळी घरात आला, की ती हातातले काम थांबवून त्याच्याकडे बघायची, आणि तो म्हणायचा, "आज विषयच निघाला नाही गं." परवापासून ती बघतही नाही. दादाला वाटते, मिटले एकदाचे.