मला इकायची कारणं

मित्रांनो, माज्या उजव्या बाजूच्या रबराखाली हळदीचा एक डाग हाय. कुणाच्या लग्नातला ते आता मला बी आठवत न्हाई. मी क्यामेरा. आठ-नऊ वर्सं झाली मला, म्हंजी आमच्या जातीत म्हाताराच. शाळेत मी फकस्त ग्यादरिंगचे फोटू काढायला गेलो, तवा माजं बोलणं सरळसोट हाय, गोड मानून घ्या. मला बोलायचंय ते फोटूवाल्यांबद्दल. आमाला मिरवत घरी आणत्यात, आन एक दिवस कारण काडून इकून टाकत्यात. लई कारणं ऐकली मी. खरं एक बी निघालं न्हाई.

जन्म माजा लांबच्या देशात, कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायांनी एकेक स्क्रू बगून मला जोडला. तेवढ्या स्वच्छ हातानं मला पुढं एकाच माणसानं धरलं. ते येईल मागनं.

माजे पयले मालक दिग्विजयसायेब. जुळे सोलापूरला फ्लॅट, विमा कंपनीत नोकरी. नान्नजच्या माळावर जाऊन पक्ष्यांचे फोटू काढायचे म्हणून मला घेतला. माज्यासंगं सोळा कप्प्यांची ब्याग घेतली, वाळल्या गवताच्या रंगाची प्यांट घेतली, टोपी घेतली. पक्षी माळावर यायचे पहाटं. सायेब यायचे इडली खाऊन साडेनवाला. मग रिकामा माळ बगायचा आन म्हणायचं, "ह्याचा फोकस स्लो आहे." आता न्हाई त्या पक्ष्यावर मी फोकस कसा लावू?

आठ म्हैन्यात त्यांच्या गटातल्या सगळ्यांनी नवीन मॉडेल घेतलं. खरं कारण एवढंच. पर घरात सांगितलेलं कारण निराळं. "वजन फार आहे गं ह्याचं. मान दुखते," सायेब म्हणले.

रेश्मावहिनी भाजी निवडत व्हत्या. वर न बगता म्हणल्या, "पक्षी तिथल्या तिथं आहे. तुमचा कॅमेराच तेवढा उडतोय."

नवा आणला त्यो माज्याहून जड व्हता. मान काय दुखली न्हाई मग.

तितनं मी आलो सोमेशकडं. बाळीवेशीत जिन्याखाली त्याचा स्टुडिओ. लग्नं, बारशी, वास्तुशांत, पासपोर्टचे फोटू, सगळं. ह्याच्याकडं मी सात वर्सं राबलो, आन खरं सांगतो, मला ते आवडलं. मंगल कार्यालयात अक्षता पडाय लागल्या की त्या खडाखडा माज्या पाठीवर आदळायच्या. हळदीच्या दिवशी पोरी सोमेशच्या गालाला हात पुसायच्या आन त्यातली निम्मी हळद माज्या बटणात जायची. सोमेश चारचौघात मला वर धरून सांगायचा, "हे आपलं लक्की यंत्र हाय." नजर लागू नये म्हणून त्याच्या बायकोनं, चंद्रिकानं, माज्या पट्ट्याला काळा दोरा बांधला व्हता. लगीन लागताना नवरा-नवरीच्या डोळ्यात पाणी आलं की ते मी टिपलंच म्हणून समजा. सोमेशला कळायच्या आत मला कळायचं.

पर सोमेशच्या खांद्यावर कायम एक सोलापुरी टॉवेल. आपल्या गावचा माल, त्याचा त्याला लई अभिमान. त्यानं त्यो तोंड पुसायचा, मानेचा घाम पुसायचा, जेवून हात पुसायचा. दुपारी आडवा व्हताना डोक्याचं खोबरेल उशीला लागू नये म्हणून त्योच डोक्याखाली घ्यायचा. आन उठला की त्याच टॉवेलनं माजी काच पुसायचा. हा करून वाफ सोडायची आन गरागरा फिरवायचा. ही काच म्हंजी भिंग न्हवं. भिंगाला ओरखडा पडू नये म्हणून त्याच्या म्होरं एक साधी गोल काच बसवत्यात, झाकणासारखी फिरवून काढता येती, ती. सात वर्सात सोमेशनं ती एकदा बी काढून बगितली न्हाई. तिच्यावर धाग्यांचे चरे पडले आन तेलाचा थर बसला. समोरनं उजेड आला की फोटू ताकातनं काढल्यासारखा यायचा.

मला माईत व्हतं. पर मला तोंड कुटं हाय?

सोमेशचा बाप बसवराज. सगळी गल्ली त्याला अप्पा म्हणती. किराणा दुकान हाय त्याचं, पर वळख हाय ती काठीची. जानेवारीत आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला नंदीध्वज निघत्यात, त्यास्नी आपण काठ्या म्हणतो. घराहून उंच, सजवलेली, जड. पांढरी बाराबंदी घालून, कंबरेच्या पट्ट्यात तिचा बुडखा धरून एकेक माणूस ती पेलत चालतो. अप्पा चाळीस वर्सं पेलत आला. आता गुडगे गेले.

दसरा झाला तसा एक दिवस अप्पा स्टुडिओत येऊन स्टुलावर बसला. "औंदा शेवटची," म्हणला. "म्होरल्या साली आपला प्रभुलिंग धरंल." प्रभुलिंग म्हंजी त्याचा पुतण्या. मग भिंतीवरल्या फोटूंकडं बगत म्हणला, "सोम्या, समद्या गावाचे फोटू लावलेस हितं. यात्रेदिवशी दुसऱ्यांच्या आर्डरी घेऊन पळतोस, बाप ऱ्हातो. औंदा माजा एक काढ. काठी सरळ, मी सरळ. बास."

मागनं सोमेशची आई, दानम्माअव्वा, चहा घेऊन आली व्हती. ती म्हणली, "काढ बाबा. फोटूत तरी गुडगे दुखायचे न्हाईत त्यांचे."

त्या दिवसापास्नं सोमेशच्या डोक्यात दुसरंच शिरलं. पलीकडच्या गल्लीतला धनाजी फोटूवाला रोज चहाला यायचा. माजे फोटू कॉम्प्युटरवर बगून त्यानं मान हालवली. "सेन्सर, म्हंजी आतला डोळा, बसला गड्या ह्याचा. वय झालं की बसतोच. मिररलेस घे. आत आरसा नसतोय, हलका, बटाण दाबलं की माणसाच्या डोळ्यावर बरोबर फोकस धरतोय."

म्हातारा झालो मी, मान्य हाय. आंदळा न्हवतो झालो. ह्या धनाजीनं पाच वर्सात चार क्यामेरे बदलले, आन ह्याच्या फोटूत नवरदेव अजून बी सेल्फीत सापडलेल्या चोरागत दिसतोय. पर ज्याचा क्यामेरा नवा त्याची अक्कल नवी, आसं ह्या लोकांचं शास्तर. भरीला एका लग्नात नवरीच्या मामानं इचारलं, "मिररलेस न्हाई व्हय तुमच्याकडं?" त्या मामाला मिरर म्हंजी काय ते ठावं न्हवतं. सोमेशचा चेहरा मात्र पडला.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "नवा क्यामेरा घ्यायला लागतोय. अप्पासाठी. शेवटचा फोटू हाय, धुरकट आला तर काय करू?"

चंद्रिका भाकरी थापत म्हणली, "अप्पांनी फोटू मागितलाय. क्यामेरा न्हाई मागितला."

बगा मित्रांनो, सात वर्सं मी माणसं बगितली. स्वताला हाव सुटली की माणूस ती आईबापाच्या नावावर टाकतोय. सायेबाची मान आन सोमेशचा बाप, कारण एकाच कापडातलं.

माजं गिऱ्हाईक आलं ते उत्कर्षा. जेऊरची पोर, हितं एका वकिलाच्या हापिसात टायपिंग करती. एक बारकं जुनं भिंग तिच्याकडं व्हतं, ते लावायला अंग, म्हंजी क्यामेरा, न्हवता. सोमेशनं माजं भिंग नव्याला जोडायला ठेवून घेतलं, वरल्या काचेसकट, आन मला नुसतं अंग तिच्यापुढं ठेवलं.

"का इकताय दादा?" तिनं इचारलं.

"कामं मोठी यायलीत. ह्याला झेपत न्हाईत. आन फोटू जरा धुरकट येत्यात, खोटं कशाला बोलू."

तिनं आपलं भिंग लावलं आन दारातनं समोरच्या शिलाई दुकानाचा एक फोटू काढला. माज्या पाठीवरल्या पडद्यावर त्यो मोठा करून बगितला. आत बसलेल्या शिंप्याच्या तोंडातली टाचणी दिसत व्हती.

"दादा, चांगला आलाय की."

सोमेशनं बगितला बी न्हाई. "हितं उजेड हाय म्हणून," म्हणला.

त्या जागी मला लई वाटलं की आपल्याला एक हात आसता. फकस्त एक कानाखाली वाजवण्यापुरता.

उत्कर्षाच्या घरी मी पयल्यांदा अंघोळ केल्यागत स्वच्छ झालो. तिनं आदी हात धुतले. पंपानं फुस्स करून धूळ उडवली. मग धुऊन मऊ झालेल्या मलमलच्या तुकड्यानं, बोटाच्या टोकानं, हळू. बटणातली हळद तिनं काडीनं काढली. रबराखालचा डाग मात्र ऱ्हाऊ दिला. "आसू दे तुला," म्हणली. क्यामेऱ्याशी बोलती, पर मला ते चाललं.

मग आला यात्रेतला अक्षतेचा दिवस, देवाच्या लग्नाला काठ्या निघायचा. उत्कर्षा मला घेऊन एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर उभी ऱ्हायली. रस्ता पांढऱ्या बाराबंद्यांनी भरलेला, वर दुपारचं ऊन. समोर गर्दीत सोमेश नवा क्यामेरा घेऊन उलटा पळत व्हता, खांद्यावर टॉवेल. त्या नव्याच्या तोंडावर माजं जुनं भिंग, आन भिंगावर ती काच. मी लांबनंच वळखली.

"एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र," गर्दी म्हणली, आन अप्पानं काठी उचलली.

पयली पावलं नीट पडली. मग डावा गुडगा जरा लटपटला आन काठीचा शेंडा एका बाजूला झुकाय लागला. प्रभुलिंग पुढं सरकला. अप्पानं मान हालवून त्याला न्हाई म्हणलं, दात धरले, कंबर फिरवली, आन शेंडा परत आभाळात नीट उभा केला. त्या टायमाला उत्कर्षानं बटण दाबलं. ऊन समोरनं व्हतं. मी डोळा मिटला न्हाई.

पन्नासेक पावलांवर अप्पानं काठी प्रभुलिंगच्या पट्ट्यात दिली. झालं. चाळीस वर्सं संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमेश उत्कर्षाच्या दारात. डोळे सुजलेले. "पायरीवर बगितलं तुला काल," म्हणला. "माजे सगळे धुरकट आले. नव्यात बी. धनाजी म्हणतोय आता नवी लेन्स घ्यायला लागंल." मग हळूच, "अप्पा सकाळपास्नं तीनदा इचारलाय. तुज्याकडं हाय का एखादा?"

बगा. माजा सेन्सर बसला व्हता म्हणून नवा घेतला, आता नव्याला लेन्स पायजे, लेन्स आली की आणिक काय तरी बसंल.

उत्कर्षा मला घेऊनच बाळीवेशीत आली. अप्पा सोप्यावर पाय लांब करून बसला व्हता, अव्वा गुडग्याला तेल चोळत व्हती. उत्कर्षानं पडद्यावर फोटू लावून मला त्याच्या हातात दिला. काठी धरून धरून घट्टे पडलेले हात. मला आदी लांब धरलं, मग जवळ.

"काठी सरळ हाय," अप्पा म्हणला. डोळे बारीक केले. मग म्हणला, "मी वाकलोय."

"न्हाई अप्पा, ते आसंच दिसतंय," सोमेश म्हणला.

"गप. वाकलोय म्हणूनच ती सरळ झाली." त्यानं हनुवटीवरच्या घामाच्या थेंबावर बोट ठेवलं, पडद्यावर. "हे बी दिसतंय बग. ऱ्हाऊ दे आसाच. ह्योच पायजे." मग वर बगितलं. "कुठल्या क्यामेऱ्याचा?"

सोमेश खाली बगत म्हणला, "जुन्या. मी इकला त्यो."

अप्पानं सोमेशकडं न बगता मला उत्कर्षाच्या हातात दिला. आन मी सांगतो, शिव्या परवडल्या आसत्या सोमेशला.

उत्कर्षा म्हणली, "दादा, तुमची लेन्स बगू." तिनं ती म्होरली काच फिरवाय घेतली. सात वर्सांची, हळदीनं चिकटलेली. अव्वानं भिंग धरलं, उत्कर्षानं काच फिरवली, तवा निघाली. अप्पानं ती डोळ्याला लावून खिडकीकडं बगितलं.

"मोतीबिंदू काढायच्या आदी मला आसंच दिसायचं," म्हणला आन सोमेशच्या हातात दिली.

सोमेशनं काच उजेडात धरली. चरे, तेल, बोटांचे ठसे, सगळं दिसलं. तसा त्याचा दुसरा हात सवयीनं खांद्याकडं गेला, टॉवेल वढला, आन हा करून त्यानं काचेवर वाफ सोडली.

"सोम्या," अव्वा म्हणली, "ठेव त्यो खाली."

त्यानं टॉवेल खाली ठेवला. खाली बसला त्याच्याशेजारी. थोड्या वेळानं उत्कर्षाला म्हणला, "परत देतीस का ह्याला? वाटल्यास नवा घे तू."

"न्हाई दादा," ती म्हणली आन मला पिशवीत घातलं. "माजं ह्याच्यावर भागतंय."

जायला वाईट वाटलं, खोटं सांगत न्हाई. काळा दोरा अजून माज्या पट्ट्याला हाय. सोमेश वाईट माणूस न्हाई. नुसता बाकीच्या फोटूवाल्यांसारखा हाय.

अप्पाचा फोटू आता दुकानात तांदळाच्या पोत्यांच्या वर लावलाय. गिऱ्हाईक इचारतंय, कुणी काढला. अप्पा सांगतो, जेऊरच्या पोरीनं.

मित्रांनो, उद्या तुमी मोठे व्हाल, क्यामेरे घ्याल, इकाल. खुशाल इका. मान दुखती म्हणा, कामं मोठी आली म्हणा, बापासाठी म्हणा, मला आता कशाचं काय वाटत न्हाई. पर इकायच्या आदी एकदा म्होरली काच काढून उजेडात धरा, आन पुसून बगा.

टॉवेलनं नको.